'पाळणा' आणि 'पालखी' : एका व्युत्पत्तीचा पुनर्विचार

'पाळणा' हा शब्द 'पलंग' व 'पालखी' यांच्याच कुळातला असावा, असा समज सहज होतो. तिन्ही साधने निजण्याबसण्याची, ध्वनीही जवळचे. हिंदीत 'पालना', 'पालकी' आणि 'पलंग' या तिहींत 'ल'च असल्याने या समजाला आडकाठी करणारे काही उरत नाही. मराठीने मात्र येथे एक मोलाचा भेद जपला आहे.

प्राकृतातील दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो; दुहेरी 'ल्ल' मात्र 'ल' म्हणून टिकतो. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक ग्रंथापासून हा नियम अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. 'गल' या शब्दापासून 'गळा' आला, 'गल्ल'पासून 'गाल'. आता संस्कृत 'पर्यंक'चे 'पल्यंक' हे पर्यायी रूप पाणिनी (८.२.२२) नोंदवतो आणि पालीत त्याचे 'पल्लंक' होते. 'पलंग' व 'पालखी' यांतील 'ल' तेथून आला. (हेच कूळ पुढे पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपीय भाषांत गेले.) 'पाळणा'तील 'ळ'ला ही वाट बंद आहे. त्याचे मूळ 'पालन' या शब्दातल्या एकेरी 'ल'मध्येच शोधावे लागते. शिवाय 'पानीय'चे 'पाणी' होते त्याच न्यायाने त्यातला 'ण'ही सिद्ध होतो. गुजरातीत 'पाळवुं' आणि 'पालखी' यांच्यात हीच फारकत दिसते.

तेव्हा ज्या वस्तूला आपण झुलण्यावरून ओळखतो, तिचे नाव राखण करण्याच्या क्रियेवरून पडले आहे. नाव वस्तूवर स्थिरावल्यावर मराठीत ते गीतालाही लागले. बारशाला बाळ पाळण्यात घालताना म्हणायचे गीत म्हणजे 'पाळणा'. रामनवमीला देवळात म्हटला जातो तोही 'पाळणा'च. 'अंगाई' निजवण्यासाठी, तर 'पाळणा' बहुधा जन्म व नाव यांच्या सोहळ्यासाठी, हा फरक संपादित संग्रहांत पुष्कळदा पुसला जातो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

तमिळमध्ये नामकरणाची दिशा निराळी आहे. 'तालाट्टु' या शब्दाची परंपरागत फोड 'ताल्' म्हणजे जीभ आणि 'आट्टु' म्हणजे हलवणे अशी केली जाते, आणि 'पिळ्ळैत्तमिळ' या काव्यप्रकाराच्या १० पर्वांपैकी तिसऱ्याला 'ताल्' हेच नाव आहे. तेथे गीताला नाव मिळाले ते गाणारीच्या जिभेवरून. मराठीत ते बाळाच्या पाळण्यावरून मिळाले.

विसाव्या शतकात रूढ झालेल्या 'पाळणाघर' या शब्दात मूळचा राखणीचा अर्थ पुन्हा जागा झालेला दिसतो. जत्रेतल्या 'आकाशपाळण्या'त मात्र केवळ झोका उरला आहे.