ओहायोकांठचें सिनसिनाटी

अमेरिकेच्या इतिहासाचें नांव काढलें कीं आमच्याकडील सुशिक्षित वाचकाला बोस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क हीं समुद्राकांठचीं शहरें आठवतात. परंतु ज्या प्रश्नावरून त्या राष्ट्राचे दोन तुकडे व्हावयाची वेळ आली, त्या गुलामगिरीच्या प्रश्नानें एखाद्या शहराच्या रोजच्या व्यवहारांत काय रूप घेतलें होतें हें पाहावयाचें असेल, तर समुद्र सोडून आंत नदीकांठीं गेलें पाहिजे. ओहायो नदीच्या उत्तर तीरावरील सिनसिनाटी हें शहर ह्या दृष्टीनें आम्हांस फार दिवसांपासून विचार करण्याजोगें वाटत आलें आहे.

पिट्सबर्ग येथें दोन नद्यांच्या संगमांतून ओहायो निघते आणि सुमारें ९८१ मैल वाहून मिसिसिपीस मिळते. ह्या प्रवाहाच्या जवळजवळ मध्यावर, दक्षिणेकडून येणाऱ्या लिकिंग नांवाच्या लहान नदीच्या मुखासमोर, १७८८ सालीं ही वसाहत झाली. तिचें पहिलें नांव मोठें मौजेचें आहे. जॉन फिल्सन नांवाच्या एका शाळामास्तरानें लिकिंगचा 'ल', लॅटिन 'ऑस' म्हणजे मुख, ग्रीक 'अँटी' म्हणजे समोर, आणि फ्रेंच 'व्हिल' म्हणजे गांव, अशी भाषांची खिचडी करून 'लोसँटिव्हिल' हा शब्द सिद्ध केला. पंडिताच्या हातीं बारसें सोंपविलें म्हणजे काय होतें ह्याचा हा उत्तम दाखला होय. आम्ही स्वतः मास्तरकीच्या धंद्यांतले असल्यामुळें हें अधिकारानें सांगूं शकतों. दोनच वर्षांनीं, १७९० सालीं, गव्हर्नर सेंट क्लेअर ह्यानें तें नांव बदलून स्वातंत्र्ययुद्धांतील अधिकाऱ्यांच्या 'सिनसिनाटी' ह्या मंडळाचें नांव गांवास दिलें. त्या नांवाच्या मुळाशीं नांगर सोडून राष्ट्ररक्षणास धांवलेला आणि काम होतांच पुन्हा शेतावर परतलेला रोमन वीर सिनसिनेटस आहे.

गांवानें मात्र नांगरापेक्षां तागडीच जवळ केली. १८११ सालीं पहिली आगबोट ओहायोंतून खालीं गेली. १८२५ सालीं कालव्याचें काम सुरू झालें, व १८४५ पर्यंत तो थेट ईरी सरोवरापर्यंत पोहोंचला. १८२० सालीं दहा हजारांच्या आंत असलेली वस्ती १८५० सालीं १,१५,४३५ झाली, आणि लोकसंख्येच्या मानानें हें शहर देशांत सहावें ठरलें. ह्या वैभवाचा पाया डुकराचें मांस हा होता. शहराला 'पोर्कोपोलिस' असें विनोदी नांव पडलें होतें, आणि कत्तलखान्यांच्या चरबीवरच साबण व मेणबत्त्यांचे कारखाने उभे राहिले. प्रॉक्टर व गँबल ह्या दोघां साडूंनीं १८३७ सालीं काढलेली पेढी आज जगभर पसरली आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहींना हा तपशील रुचणार नाहीं. पण तो टाळतां येत नाहीं, कारण हें खारविलेलें मांस नदीनें दक्षिणेकडे जाई, आणि तेथील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्याही पोटांत जाई. शहराची थैली दक्षिणेच्या हातीं होती.

आणि दक्षिण कोठें सुरू होत होती? नदीपलीकडे. १७८७ च्या कायद्यानें ओहायोच्या उत्तरेकडील प्रदेशांत गुलामगिरीस बंदी केली होती. समोरचें केंटकी हें गुलामांचें राज्य होतें. शिवाय सरहद्द नदीच्या मध्यावर नसून उत्तरेकडील कांठाशीं होती, म्हणजे नदीचें बहुतेक पाणीसुद्धां केंटकीचें. पळून आलेल्या गुलामाचा पाय कोरड्या जमिनीस लागेपर्यंत तो गुलामांच्याच राज्यांत असे.

त्या जमिनीवर तरी त्याचें स्वागत झालें काय? ओहायोच्या १८०७ च्या कायद्यानें तेथें राहूं इच्छिणाऱ्या काळ्या मनुष्यास पांचशें डॉलरांचे जामीन द्यावे लागत. बरींच वर्षें हा कायदा कागदावरच राहिला. १८२९ सालीं शहरानें तो अंमलांत आणण्याचें जाहीर केलें, दंगे झाले, आणि हजारांहून अधिक काळे लोक शहर सोडून गेले. त्यांतील कांहींनीं कॅनडांत विल्बरफोर्स नांवाची वसाहत केली. १८३६ सालीं जेम्स बर्नी ह्याच्या गुलामगिरीविरोधी पत्राचा छापखाना जमावानें फोडून नदींत फेंकला. ह्या चळवळीनें दक्षिणेचा व्यापार बुडेल ही भीति शहरांतील बड्या मंडळींस होती, आणि त्या भीतीच्या छायेंतच जमाव धीट झाला. अशा वेळीं सभ्य माणसें दगड मारीत नाहींत. तीं खिडक्या लावून घेतात.

ह्याच शहरांत १८३२ पासून १८५० पर्यंत हॅरिएट बीचर स्टो राहत होती. १८४९ च्या पटकीनें तिचें तान्हें मूल गेलें. मूल हिरावलेल्या गुलाम मातेस काय वाटत असेल तें आपणांस त्या वेळीं कळलें, असें तिनें पुढें लिहिलें आहे. १८५२ सालीं ग्रंथरूपानें निघालेली तिची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आपल्याकडे १८७३ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. त्या झटणाऱ्यांत ह्या नदीकांठचे बर्नी, लेव्हाय कॉफिन आदि लोकही येतात.

पण आमच्या मनांतून जात नाहीं ती मार्गारेट गार्नर. १८५६ च्या जानेवारींत ओहायो गोठली होती. केंटकींतील ही तरुण गुलाम स्त्री नवरा, मुलें व सासूसासऱ्यांसह रात्रीं बर्फावरून चालत सिनसिनाटींत आली. कांहीं तासांतच धन्याच्या माणसांनीं घराला वेढा दिला. मुलें पुन्हा दास्यांत जाऊं नयेत म्हणून तिनें आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. मग कोर्टांत जो वाद झाला तो कायद्याच्या इतिहासांत विलक्षण आहे. खुनाचा आरोप ठेवावा तर ती मनुष्य ठरते. धन्याकडे परत द्यावी तर ती मालमत्ता ठरते. म्हणून तिच्या वकिलानेंच तिच्यावर खुनाचा खटला व्हावा असा आग्रह धरला. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा वरचढ ठरला आणि ती परत पाठविली गेली. दक्षिणेकडे नेतांना आगबोटींची टक्कर होऊन तिची तान्ही मुलगीही बुडाली. १८५८ सालीं विषमज्वरानें ती वारली. टोनी मॉरिसन ह्यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) ह्या कादंबरीचें बीज ह्या हकीकतींत आहे.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ च्या अखेरीस, रोब्लिंग ह्यानें बांधलेला १,०५७ फूट गाळ्याचा झुलता पूल खुला झाला. त्या वेळीं जगांत एवढा लांब गाळा दुसरा नव्हता. रेल्वेनें मात्र व्यापार शिकागोकडे नेला. कालव्यापलीकडे राहणाऱ्या जर्मनांनीं कालव्यास थट्टेनें 'ऱ्हाइन' म्हटलें, आणि ती पेठ अद्याप 'ओव्हर-द-ऱ्हाइन' म्हणूनच ओळखली जाते. पण १९१८ सालीं युद्धज्वरांत तेथील ब्रेमेन रस्त्याचा रिपब्लिक रस्ता झाला. कालवा आटवून त्याच्या पात्रांत भुयारी रेल्वे घालण्याचें काम १९२० सालीं निघालें, तें १९२७ सालीं थांबलें. रिकामीं भुयारें अजून आहेत. १९३७ च्या जानेवारींत नदी ऐंशीं फुटांपर्यंत चढली. १९५० सालीं पांच लाखांवर गेलेली वस्ती २०२० सालीं ३,०९,३१७ होती.

सरहद्दीचा तंटा मात्र विसाव्या शतकापर्यंत चालला. १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, १७९२ सालीं उत्तर कांठावर ओसरत्या पाण्याची जी खूण होती तीच सरहद्द. मधल्या काळांत धरणांमुळें नदीची पातळी वाढली आहे. ती जुनी रेघ आतां पाण्याखालीं आहे.