सोमवारची रात्र, बंद हॉटेलं आणि आपला फ्रिज

आजचा भाग जेवता जेवता ऐकत असाल तर उत्तमच, कारण विषय ताटातलाच आहे. घरात वाया जाणारं अन्न. आणि त्यातही नेमका प्रश्न असा, की आपल्या वयाची माणसं हे वाया घालवणं कमी करतात ती कशामुळे? आईच्या ओरडण्यामुळे? पैशांमुळे? की आणखी कशामुळे? इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हा विषय कुठून आला, असं वाटत असेल तर थोडं थांबा. आपण १९६५ पासून सुरू करतोय.

१९६५ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. आदल्या वर्षी देशात सुमारे ८.९ कोटी टन धान्य पिकलं होतं, ते १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी टनांवर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं. आपण तेव्हा अमेरिकेकडून पीएल-४८० नावाच्या योजनेखाली गहू घेत होतो, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू हात आखडून, थोडा थोडा सोडायला सुरुवात केली. म्हणजे जहाज बंदराला लागणार तेव्हा रेशनच्या दुकानात धान्य येणार, अशी अवस्था. पंतप्रधान होते लालबहादूर शास्त्री. त्यांनी देशाला सांगितलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. ठरली सोमवारची संध्याकाळ. बऱ्याच शहरांत सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायला लागली, आणि लोक त्याला ‘शास्त्री व्रत’ म्हणायला लागले.

यातली एक गंमत फक्त मराठी घरांना कळेल. आपल्याकडे श्रावणी सोमवारचा उपवास संध्याकाळीच सोडतात. दिवसभर साबुदाणा आणि संध्याकाळी साग्रसंगीत पान. इथे नेमकी तीच वेळ उपाशी राहायची होती!

आता मी पडलो इंजिनीअर, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. आठवड्यात दोन वेळची मिळून चौदा जेवणं. त्यातलं एक सोडलं तर साधारण सात टक्के. ७.२ कोटी टनांचे सात टक्के म्हणजे पन्नास लाख टन. १९६६ मध्ये आपण कोटभर टन धान्य आयात केलं, म्हणजे कागदावर निम्मी आयात वाचली! पण हे कागदावरच. देशातली कितीतरी माणसं तशीही दोन वेळ जेवत नव्हती, त्यांनी काय सोडायचं? आणि पोटभर खाणारे सगळेच्या सगळे हे पाळणारही नव्हते. खरं वाचलेलं धान्य या आकड्याच्या जवळपासही नसणार.

मग लोकांनी ऐकलं का? मला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, शास्त्रींनी आधी स्वतःच्या घरी करून बघितलं. त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनी हे सांगितलंय: घरातली मुलं एक वेळ उपाशी राहू शकतात का, हे आधी पाहिलं आणि मग देशाला सांगितलं. दुसरी, मागणी नेमकी होती. ‘अन्नाचा मान राखा’ असं मोघम काही नाही. वार ठरलेला, वेळ ठरलेली. तिसरी, ते दिसत होतं. रस्त्यावरून जाताना हॉटेलचं शटर खाली दिसलं की कळायचं, आपण एकटेच नाही. माझे आजोबा तेव्हा विशीत होते, नोकरीला नवे, खानावळीत जेवणारे. ते सांगायचे की त्या सोमवारी खानावळवाले सुट्टीवर आणि सगळी पोरं कट्ट्यावर. भूक लागायची, पण सगळ्यांनाच लागलेली असायची.

हे ‘सगळ्यांनाच’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १९७२. महाराष्ट्रात कोणत्याही घरात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की आजी-आजोबांचा चेहरा बदलतो. पाऊस आधीपासूनच कमी पडत होता, बहात्तरला त्याने पूर्णच पाठ फिरवली. सरकारने दुष्काळी कामं काढली: खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. खायला मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. त्या दुष्काळाचं मर्म असं की नुसतं धान्य नव्हतं म्हणून माणसं हवालदिल झाली नव्हती. शेतातलं काम गेलं, हातात पैसा नव्हता, म्हणून दुकानातलं धान्यही लांबच होतं. रोहयो का चालली, ते यावरून कळतं.

त्या पिढीच्या हातून भाकरीचा तुकडा फेकला जात नाही. माझी आजी डब्यातलं पीठ हाताने झटकून घ्यायची, परातीला लागलेली कणीक खरवडून तिची शेवटची छोटी पोळी करायची. आणि आपल्याला काय सांगितलं जातं? “आम्ही मिलो खाल्लाय, तुम्हाला किंमत नाही.” खरं आहे, नाहीये. पण हे वाक्य ऐकून कुणी जास्तीचा भात संपवलाय का? भुकेची आठवण वारशाने मिळत नाही. आजीच्या अंगात ती मुरलेली होती, आपल्यासाठी ती गोष्ट आहे. गोष्टीने वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की माणूस डबा फ्रिजमध्ये ठेवतो. चार दिवसांनी वास आला की टाकतो. फक्त टाकण्याची तारीख पुढे गेली.

फ्रिजवरूनच आठवलं. गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये, पण तो मध्यमवर्गाच्या घरोघरी यायला पुढची कितीतरी वर्षं गेली. फ्रिज नसलेल्या घरात रात्री उरलेल्याचा निकाल सकाळी लावावाच लागायचा. त्यातूनच फोडणीचा भात आला, फोडणीची पोळी आली, गूळ-तूप घालून शिळ्या पोळीचा लाडू आला. सगळं उरलंसुरलं थालीपिठात. हे पदार्थ म्हणजे संस्कार वगैरे नव्हेत, ते तंत्र होतं. उरलं तर काय करायचं, हे हाताला माहीत होतं. आपल्याकडे उरलेलं ठेवायला चांगले चार कप्पे आहेत, त्याचं काय करायचं ते मात्र यूट्यूबवर शोधावं लागतं.

पण थांबा. इथपर्यंत आलं की ‘पूर्वी किती छान होतं’ असं म्हणायचा मोह होतो, आणि तिथे मला एक खडा लागतो. पूर्वीच्या घरांत काही वाया जात नव्हतं, याचा अर्थ ते सगळं त्याच घरातली माणसं खात होती असा नाही. उरलेलं खाली जायचं. गावगाड्यात महार समाजातल्या माणसांनी गावकीची कामं करायची आणि त्या बदल्यात घरोघर फिरून भाकरी मागायची, बऱ्याचदा शिळी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्काबरोबर हेही सांगितलं, की उष्टं-शिळं घेणं बंद करा, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. ओमप्रकाश वाल्मीकींच्या १९९७ च्या हिंदी आत्मकथनाचं नावच ‘जूठन’ आहे, म्हणजे उष्टं. तेव्हा ‘आमच्या आजीच्या घरी कणभर वाया जायचं नाही’ असं अभिमानाने म्हणताना, शेवटी ते कुणाच्या पदरात पडायचं, हे विचारायला हवं. घरातलं अन्न घरातल्यांनीच ताजं असताना संपवायचं, हे आपल्या पिढीचं काम जुन्या काटकसरीपेक्षा वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त स्वच्छ आहे.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर माझ्या एका मित्राच्या फ्लॅटची गोष्ट ऐका. पुण्यात, आयटी पार्कच्या जवळ. चार जण राहतात, स्वयंपाकाला मावशी येतात. मावशी रोज विचारायच्या, “आज किती जण जेवणार?” कुणी उत्तर द्यायचं नाही. त्या चौघांचं करायच्या, दोघं बाहेरून मागवायचे. मग एक दिवस यांच्यातला एक जण म्हणाला, “मावशी, परवाचा भात आहे, घेऊन जा ना.” मावशींनी शांतपणे सांगितलं, “मला घरी ताजं असतं, दादा. तुम्हाला नको असलेलं मला कशाला?” खोलीत सगळे गप्प. त्या दिवसापासून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दुपारी चारला पोल येतो: रात्री कोण जेवणार? हो किंवा नाही. उत्तर नसेल तर नाही धरायचं. भात उरणं जवळजवळ थांबलं. कुणालाही पृथ्वी वाचवायची नव्हती. मावशींसमोर पुन्हा तशी वेळ यायला नको होती, एवढंच.

आजचे आकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांचा अंदाज दिलाय: माणशी वर्षाला ५५ किलो. जगाची सरासरी ७९. ५५ म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम, चौघांच्या घरात सहाशे. पण यात केळीच्या साली, चहाचा चोथा, हाडं हेही धरलेलं असतं, त्यामुळे ‘रोज सहाशे ग्रॅम जेवण फेकतो’ असं स्टेटस टाकू नका. चुकीचं होईल.

बाहेरच्या देशांत काय चाललं तेही थोडक्यात. ब्रिटनमध्ये रॅप या संस्थेने २००७ मध्ये मोहीम सुरू केली. शेतकरी, भूक वगैरेपेक्षा भर होता तो घरखर्चावर आणि उरलेल्याचं काय करायचं यावर. २००७ ते २०१२ मध्ये तिथल्या घरांतली टाळता येण्यासारखी नासाडी २१ टक्क्यांनी घटली, असं त्यांची आकडेवारी सांगते. मधल्या काळात महागाई आणि मंदीही होती, त्यामुळे सगळं श्रेय मोहिमेला देता येत नाही. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून वजनावर पैसे घ्यायला सुरुवात केली. सोलमधल्या अनेक सोसायट्यांत कार्ड लावलं की डब्याचं झाकण उघडतं, कचऱ्याचं वजन होतं, आणि महिन्याला तेवढं बिल. टाकताना आकडा दिसतो.

आकडा दिसण्याची ताकद मी हॉस्टेलवर पाहिलीये. आमच्या मेसमध्ये ‘अन्न वाया घालवू नका’ असा एक पोस्टर होता, त्यावर एक दुःखी शेतकरी. चार वर्षांत तो कुणी वाचलेला मी पाहिला नाही. मग मेस सेक्रेटरीने एक साधा फळा लावला: काल वाया गेलं इतके किलो. रोज पुसून नवा आकडा. आठवडाभरात पोरं जेवायला आली की आधी फळा बघायची, ‘आज काल्यापेक्षा कमी की जास्त’ यावर चहाची पैज. पनीरच्या दिवशी आकडा खाली, दुधीच्या दिवशी वर, त्यामुळे मेसवाल्यालाही काय करायचं ते कळलं!

आता १९६५ कडे परत बघा. खाली ओढलेलं शटर, फळ्यावरचे किलो, चार वाजताचा पोल. तिन्ही ठिकाणी गोष्ट ठरलेली आहे, दिसणारी आहे, आणि आपल्याबरोबर बाकीचेही करतायत. ‘सगळ्यांनाच’ म्हटलं होतं ना, ते हे. अपराधी वाटवून तरुणांकडून काही होतं, यावर माझा विश्वास नाही. अपराध एकट्याचा असतो, पोल चौघांचा असतो.

पुढच्या भागात रेशन कार्डाचा इतिहास, सुरुवात १९४३ च्या मुंबईपासून. तोवर एक व्हॉइस नोट पाठवा: शिळ्या पोळीचं तुमच्या घरी काय करतात आणि त्याला काय म्हणतात? आमच्याकडे कुस्करा म्हणतात, माझी रूममेट मंडळी त्याला तुकडे म्हणतात, आणि यावरून आमचं दर रविवारी भांडण होतं.