तान्ह्याचें रडें आणि निजविणारीं औषधें

आमच्या घरीं सध्यां एक वही चालू आहे. ती हिशेबाची नव्हे. माझ्या मुलीला मुलगी झाली, तिला आज नऊ आठवडे पुरे होत आहेत. आणि तिसऱ्या आठवड्यापासून ही चिमुरडी रोज दिवेलागणीला जी रडूं लागते, ती कधीं दोन तास, कधीं तीन तास थांबत नाहीं. मुठी आवळते, गुडघे पोटाशीं घेते, तोंड लालबुंद करते. पोट तट्ट फुगतें, वारा सरतो, आणि तरीहि रडें चालूच राहतें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं मूल निरोगी आहे, वजन वाढत आहे. रडण्याची वेळ तेवढी लिहून ठेवा. म्हणून ती वही.

पहिल्या आठ दिवसांत घरीं येणाऱ्या प्रत्येकानें आपापला उपाय सुचविला. विहीणबाईंनीं गुटी, शेजारच्या काकूंनीं ग्राइप वॉटर, कोणी बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप, तर कोणी मीठमोहऱ्या ओवाळून टाकावयास सांगितल्या. मी वैद्य नव्हें कीं डॉक्टर नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत जन्मभर इतिहास-भूगोल शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु हीं औषधें आलीं कोठून आणि त्यांनीं आजवर काय केलें, एवढी चौकशी करण्यास इतिहासाच्या शिक्षकाला हरकत नसावी.

बोलतां न येणाऱ्या मुलाचें दुखणें ओळखावें कसें, हा प्रश्न फार जुना आहे. काश्यपसंहिता नांवाचा बालरोगांवरील प्राचीन संस्कृत ग्रंथ नेपाळांत खंडित हस्तलिखिताच्या रूपानें सांपडला आणि १९३८ सालीं आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांतील वेदनाध्याय नांवाचा एक सबंध अध्याय या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. पोटशूळ झालेलें मूल स्तन सोडून देतें, रडतें, उताणें पडतें, त्याचें पोट ताठरतें, अंग गार पडतें आणि तोंडावर घाम येतो, असें तेथें सांगितलें आहे. हें लिहिणाऱ्यानें पुष्कळ रात्री मुलांच्या उशाशीं काढल्या असल्या पाहिजेत. पुस्तकांवरून पुस्तक करणाऱ्याला हें दिसत नाहीं.

आपल्याकडील घरगुती उपाय कोणाच्या अपरिचयाचे नाहींत. सहाणेवर आईच्या दुधांत हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे ठराविक वळसे उगाळून द्यावयाची ती गुटी. तव्यावर भाजलेल्या ओंव्याची पुरचुंडी करून द्यावयाचा तो शेक. आणि बाळंतिणीनें जेवणानंतर चघळावयाचे ते बाळंतशोपा, म्हणजे शेपूचें बीं. मुलाच्या पोटांतील वायूला आईनें औषध खावयाचें, ही कल्पना मला नेहमींच सुंदर वाटत आली आहे. या शोपांची गांठ आपल्याला थोड्याच वेळांत परक्या मुलखांत पडणार आहे, म्हणून त्या लक्षांत ठेवाव्या.

आतां इंग्लंडांत जाऊं. अठराव्या शतकाच्या आरंभापासून तेथें गॉडफ्रेज कॉर्डियल नांवाचें एक मिश्रण घरोघर खपत असे. काकवी, पाणी, कांहीं सुवासिक मसाला, आणि अफू. मूल रडूं लागलें कीं चमचाभर पाजावयाचें; मूल निजत असे. कारखानदारी वाढली, आया कामावर जाऊं लागल्या, तसा या काकवीचा खपहि वाढला. १८४५ सालीं एंगल्सनें इंग्रज कामगारांच्या स्थितीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या कॉर्डियलचा उल्लेख आहे. त्याआधीं १८४३ सालीं मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनच्या अहवालांत नॉटिंगहॅम शहरांतील लेस विणणाऱ्या बायकांची हकीकत आली आहे. त्यांचें काम रात्रंदिवस चाले. मांडीवर मूल असेल तर हातांत सुई राहत नसे. म्हणून मूल जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत त्याला हें औषध सुरू होई आणि मात्रा चढत जाई.

अफूनें आंतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून कळ थांबते. परंतु त्याच अफूनें श्वासहि मंदावतो आणि भूकहि मरते. पुष्कळ मुलें एका रात्रींत दगावलीं नाहींत. तीं दूध मागावयाचींच थांबलीं आणि सुकत गेलीं. मृत्यूच्या नोंदींत अशा मुलांपुढें अशक्तता किंवा तसेंच कांहीं लिहिलें जाई. न रडणारें मूल शहाणें, अशी ज्या घरांत समजूत असेल, तेथें ही गोष्ट कोणाच्या लवकर ध्यानांत कशी यावी?

अमेरिकेंत हीच गत होती. तेथें १८४९ पासून मिसेस विन्स्लो यांचें सांत्वन करणारें सरबत विकलें जाऊं लागलें, त्यांत मॉर्फीन असे. इंग्लंडांतहि तें इतकें लोकप्रिय झालें कीं पुढें विख्यात झालेल्या एल्गार नांवाच्या संगीतकारानें तरुणपणीं, १८७९ सालीं, आपल्या एका छोट्या रचनेला थट्टेनें त्याचेंच नांव दिलें. १९०६ च्या कायद्यानें बाटलीवर मॉर्फीनचें प्रमाण छापणें अमेरिकेंत भाग पडलें. १९११ सालीं तेथील वैद्यकसंघानें असल्या औषधांना सरळ बालघातकी म्हटलें.

आतां नॉटिंगहॅमला पुन्हां एकदां येऊं, कारण ग्राइप वॉटरचा जन्म त्याच गांवचा. विल्यम वुडवर्ड नांवाचा तरुण औषधविक्या १८५१ सालीं तेथें येऊन राहिला. दलदलीच्या भागांतील हिंवतापानें आजारी मुलांना दिल्या जाणाऱ्या एका मिश्रणावरून त्यानें आपलें औषध बेतलें, असें सांगतात. १८७६ सालीं त्यानें ग्राइप वॉटर हें नांव नोंदवून घेतलें. त्यांत अफू नव्हती. हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे. त्यांत खाण्याचा सोडा, साखर, पाणी, शेपूच्या बियांचें तेल, म्हणजे आपल्या बाळंतशोपांचाच अर्क, आणि शेंकडा साडेतीनहून थोडा अधिक मद्यार्क असे. हा मद्यार्क इंग्लंडांतून निघावयास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. सबंध शंभर वर्षें सभ्य घराण्यांतील आयांनीं, ज्यांनीं स्वतः कधीं मद्याला स्पर्श केला नसेल, आपल्या तान्ह्यांना दिवसांतून तीनचारदां तें पाजलें. मूल निजलें यांत नवल तें काय!

त्या बाटलीवर दोन साप धरलेल्या एका बाळाचें चित्र असे. तें ग्रीक कथेंतील हर्क्युलीसचें. माझ्या आईला मात्र तो जन्मभर बाळकृष्णच वाटला, आणि कालियामर्दन केलेल्या देवाचें औषध वाईट असेल ही कल्पनाहि तिला सहन होत नसे.

येथवर मी परक्या लोकांच्या कथा सांगितल्या. त्यांत आपल्याला नाक मुरडण्याजोगें कांहीं नाहीं, कारण मुंबईच्या गिरणगांवांत हेंच घडत होतें. आपल्याकडे त्याला बाळगोळी म्हणत. अफूची मुगाएवढी किंवा त्याहून लहान गोळी. दुधांत उगाळून चाटविली कीं मूल पाळी संपेपर्यंत निजून राही. मुंबई सरकारनें गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतीसंबंधीं चौकशी करण्यासाठीं डॉक्टर बार्न्स या बाईंना नेमलें होतें. त्यांचें निवेदन १९२२ सालीं सरकारच्या लेबर गॅझेटमध्यें प्रसिद्ध झालें. गिरणींत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असा आंकडा त्यांत आहे. हा आंकडा मीं प्रथम वाचला तेव्हां बराच वेळ पुढचें पान उलटलें नाहीं.

त्याला कारण होतें. १९७० सालीं माझी धाकटी बहीण जन्मली, त्या वेळीं मी दहा वर्षांचा होतों आणि आम्ही चाळींत राहत होतों. तीहि अशीच रडे. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसें. वडिलांची पहिली पाळी. एके रात्रीं शेजारच्या वृद्ध बाईंनीं कागदाच्या पुडींतून कांहीं आणून माझ्या आईच्या हातावर ठेवलें. औषधाव्यतिरिक्त अफू विकण्यास १९५९ पासून देशांत बंदी होती, तरी कोणाकडे कांहीं ना कांहीं असेच. माझी आजी कोपऱ्यांत निजली होती असें आम्हांला वाटत होतें. ती उठली, आईच्या हातांतली पुडी घेतली, मोरींत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलें. शेजारीण रागावली. आजी एवढेंच म्हणाली, ‘माझा पहिला असाच निजला होता.’

आजी तरुणपणीं एका गिरणींत वाइंडिंग खात्यांत होती. माझ्या वडिलांच्या आधींचा एक मुलगा होता, हें आम्हांला त्या रात्रीं कळलें. वडिलांनाहि त्याच रात्रीं कळलें. त्यानंतर ती त्याविषयीं कधीं बोलली नाहीं आणि विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. पुढचे दीड महिने तिनें नातीला खांद्यावर टाकून चाळीच्या गॅलरींत येरझारा घातल्या. गॅलरींतल्या फरशा ती मोजीत असे, असें तीच सांगे.

त्या बायकांना दोष देण्याचें माझ्या मनांत नाहीं. बाळंतपणानंतर घरीं बसलें तर मजुरी बुडे, कधीं जागाहि जाई. मूल गिरणींत नेलें तर ठेवावयास कोनाडा नाहीं. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या बिलावर चर्चा झाली, तेव्हां डॉक्टर आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला होता. १९२९ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यांत झाला, देशांतला तसा पहिलाच. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं स्वतंत्र खोली ठेवण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. बाळगोळीचें खरें औषध, माझ्या मतें, त्या खोलींत होतें. औषधी दुकानांत नव्हतें.

तान्हें मूल रडतें तरी कां, याचा शास्त्रीय शोध त्यानंतरचा. १९५४ सालीं अमेरिकेंतील मॉरिस वेसेल या बालवैद्यानें एक व्याख्या केली: धडधाकट मूल दिवसांतून तीन तासांहून अधिक, आठवड्यांतून तीन दिवसांहून अधिक, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर तें या वर्गांतलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत इलिंगवर्थ यांनीं रड्या मुलांच्या पोटांचीं क्ष-किरणचित्रें घेऊन पाहिलीं. त्यांत वायु कांहीं अधिक असल्याचें दिसलें नाहीं. मूल वायूमुळें रडतें असें आपण समजतों; पुष्कळदां तें रडतां रडतां हवा गिळतें म्हणून वायु होतो. १९६२ सालीं ब्रेझल्टन यांनीं ८० मुलांच्या आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवविल्या. निरोगी मुलांचें रडें दुसऱ्या आठवड्यापासून चढत जातें, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोंचतें, आणि तिसरा महिना सरतां सरतां उतरतें, असें त्यांना आढळलें. म्हणजे दहाव्या आठवड्यांत जें औषध दिलें जाईल, तें गुणकारी ठरावयाचेंच!

खांद्यावर घेण्याविषयींहि प्रयोग झाले. १९८६ सालीं कॅनडांतील एका प्रयोगांत, मूल रडत नसतांनाहि रोज कांहीं तास अधिक कडेवर घेणाऱ्या घरांतील मुलांचें रडें सहाव्या आठवड्यांत शेंकडा ४३ नीं कमी भरलें. परंतु जीं मुलें आधींच फार रडणारीं होतीं, त्यांच्यावर पुढें हाच प्रयोग केला तेव्हां असा फरक दिसला नाहीं. आजीच्या येरझारांनीं माझ्या बहिणीचें रडें एका मिनिटानेंहि कमी झालें नसेल. ती जिवंत राहिली. तिला आतां स्वतःचीं नातवंडें आहेत.

एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं प्रत्येक रडें असें निरुपद्रवी नसतें. ताप, हिरवी उलटी, शौचावाटे रक्त, दूध न घेणें, किंवा मूल मलूल पडणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर वही बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये असें डॉक्टर आज सांगतात. त्यांत गुटीहि आली आणि ग्राइप वॉटरहि. विहीणबाईंना हें मीं हळुवारपणें सांगितलें. त्यांनीं सहाण परत नेली, बाळंतशोपा मात्र ठेवून गेल्या. त्या माझी मुलगी खाते.

काल संध्याकाळीं माझी पाळी होती. नात सातला पांच मिनिटें असतांना रडूं लागली आणि आठ वाजून दहा मिनिटांनीं थांबली. आमच्या गॅलरीला तेवीस फरशा आहेत.