कातडीची घडी

जुलाबाच्या रोग्याच्या पोटाची कातडी डॉक्टर चिमटीत उचलतात आणि सोडून देतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. निरोगी माणसाची घडी क्षणात मोडते. अंगातले पाणी आटले असेल तर ती रेंगाळते. किती साधी परीक्षा! पण त्या आटलेल्या पाण्यावरचा उपाय सामान्य माणसाच्या हाती यायला जवळजवळ एकशेचाळीस वर्षे लागली.

१८३१ साली पटकी इंग्लंडात संडरलंड बंदरी उतरली. रोगी निळे पडत, डोळे खोल जात, हातांची कातडी सुरकुते. ओशॉनसी नावाच्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले आढळले. मग जे गेले ते परत द्यावे, हे ओघानेच आले. १८३२ साली स्कॉटलंडातील लीथच्या टॉमस लॅटाने एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत क्षारांचे पाणी सोडले. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आले. पण जुलाब परत सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही, आणि ती दगावली. त्या काळी कित्येक डॉक्टर अशा रोग्यांचे उलट रक्तच काढीत! लॅटा १८३३ साली वारला. उपाय मागे पडला. ओशॉनसी हिंदुस्थानात आला आणि पुढे त्याने इथे तारायंत्राचे जाळे उभारले. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्सने शिरेतल्या सलाइनचा उपाय पुन्हा रूढ केला.

पण सलाइनला सुई हवी, बाटली हवी, जाणता हात हवा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावला सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, एवढीच त्यातली मेख. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यू चारांच्या आत आले. हीच आपली जलसंजीवनी.

आता घडीची गोष्ट. ती दोन सेकंदांहून अधिक टिकली तर पाणी फार आटले, असे समजतात. मात्र म्हातारपणी कातडी सैल असतेच. कुपोषित मुलाचीही घडी टिकते, आणि गुटगुटीत मुलाची पाणी आटूनही चटकन मोडते. म्हणून डोळे, तहान, लघवी आणि सुस्तीही पाहावी. मूल मलूल झाले, पाणी पिईना, तर तडक दवाखाना गाठावा. पण जलसंजीवनी पाजायला घडी पडण्याची वाट कशाला पाहायची? पहिल्या जुलाबापासूनच पाजावी.