विश्लेषण : अमेरिकेतला विद्यार्थी व्हिसा ‘वाढवून’ मिळतो का? सुट्टीत घरी येण्याआधी काय तपासावे?

‘व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, आता अमेरिका सोडावी लागणार का?’ अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न सतत येतो आणि त्याला निम्मी उत्तरे चुकीची मिळतात. बरोबर उत्तर असे : पासपोर्टवरचा व्हिसा संपला म्हणून कोणालाही अमेरिका सोडावी लागत नाही. तो अमेरिकेत राहून वाढवूनही मिळत नाही. मात्र व्हिसा संपलेला असताना कोणी लग्नासाठी, दिवाळीसाठी किंवा आजारी आईवडिलांना भेटायला भारतात आले, तर नवा व्हिसा हातात पडेपर्यंत परत जाता येत नाही. बहुतेकांची अडचण अमेरिकेत होत नाही, ती घरी आल्यावर होते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ‘ओपन डोअर्स’च्या अहवालानुसार ३,६३,०१९ होती. शिक्षणानंतरच्या ओपीटीवर नोकरी करणारेही यात धरलेले आहेत. इतर कोणत्याही देशाचे एवढे विद्यार्थी तिथे नव्हते. यातले बहुसंख्य एफ-१ व्हिसावर आहेत, त्यामुळे पुढील माहिती एफ-१ पुरती आहे.

व्हिसा वेगळा, मुक्कामाची परवानगी वेगळी

एफ-१ विद्यार्थ्याकडे तीन कागद असतात आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा परराष्ट्र विभागाचा दूतावास देतो. त्याचे काम फक्त दारापर्यंत नेण्याचे आहे. या तारखेपर्यंत प्रवेश मागता येईल, एवढाच त्याचा अर्थ. आय-२० हा कागद विद्यापीठ देते. अभ्यासक्रम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि पैसे कुठून येणार हे त्यावर लिहिलेले असते, आणि त्याची नोंद ‘सेव्हिस’ या सरकारी संगणक प्रणालीत राहते. तिसरी आय-९४ ही नोंद विमानतळावरच्या सीबीपी अधिकाऱ्याने प्रवेश दिल्यावर तयार होते.

आय-९४ वर पर्यटकांसाठी मुक्कामाची शेवटची तारीख असते. विद्यार्थ्यांसाठी तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी अक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. शिक्षण नियमानुसार चालू आहे तोवर राहता येईल, असा त्याचा अर्थ. म्हणून पासपोर्टवरचा शिक्का संपला तरी आय-२० चालू असेल, पूर्णवेळ प्रवेश कायम असेल आणि परवानगीशिवाय काम केलेले नसेल, तर विद्यार्थी कायदेशीरच राहत असतो.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांना दिसले. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद करण्यात आल्या. त्यातल्या अनेकांच्या नावावर वाहतुकीचा नियम मोडणे किंवा पुढे निकालात निघालेले किरकोळ पोलीस प्रकरण, याहून जास्त काही नव्हते. ठिकठिकाणच्या न्यायालयांत दावे दाखल झाले आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचे सांगितले. पण ज्यांचा व्हिसाही रद्द झाला होता, त्यांना तो आपोआप परत मिळाला नाही. नोंद सुरू झाल्याने ते वर्गात बसू शकत होते. देशाबाहेर गेले तर मात्र नव्या व्हिसाशिवाय परतता येणार नव्हते.

मग वाढवायचे काय?

वाढवायचा असतो आय-२०. पीएचडीचा प्रबंध लांबला, संशोधनाचा विषय बदलावा लागला, मुख्य विषय बदलला किंवा आजारपणामुळे एखादे सत्र हुकले, तर विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षातला अधिकृत अधिकारी, अभ्यासक्रमाची शेवटची तारीख पुढे नेऊ शकतो. आजारपणासाठी डॉक्टरांची कागदपत्रे लागतात आणि वाढीव काळाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. कमी गुण पडल्याने विद्यापीठाने ‘प्रोबेशन’वर ठेवले किंवा निलंबित केले, एवढेच कारण असेल तर मुदतवाढ मिळत नाही.

अर्ज आय-२० वरची तारीख उलटण्याआधी मंजूर व्हावा लागतो. तारीख एका दिवसाने जरी उलटली, तरी साधी मुदतवाढ उरत नाही. मग ‘रीइन्स्टेटमेंट’चा लांबलचक अर्ज करावा लागतो किंवा देशाबाहेर जाऊन नव्या आय-२० वर परत यावे लागते. मार्गदर्शक प्राध्यापक ‘होईल, बघू’ म्हणत असले तरी विद्यार्थ्याने चार-पाच महिने आधी डीएसओची भेट घेतलेली बरी.

शिक्षण पूर्ण झाल्यावर ६० दिवसांची सवलत मिळते. डीएसओच्या संमतीने शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला १५ दिवस मिळतात. कोणालाही न सांगता वर्ग सोडणाऱ्याला एकही दिवस मिळत नाही.

‘डी/एस’ ही पद्धतच बंद करण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. त्यानुसार प्रवेशाच्या वेळीच ठरावीक तारीख मिळेल आणि ती चार वर्षांच्या पलीकडे जाणार नाही. त्याहून जास्त थांबायचे असेल तर विद्यापीठाची मुदतवाढ पुरणार नाही, सरकारकडे शुल्क भरून वेगळा अर्ज करावा लागेल. ६० दिवसांची सवलतही ३० दिवसांवर येईल. त्यामुळे प्रत्येक प्रवेशानंतर आपल्या आय-९४ वर ‘डी/एस’ आहे की तारीख, हे स्वतः पाहणे गरजेचे आहे. तिथे तारीख असेल तर ती तारीखच खरी.

पाच वर्षांचे गणित

भारतीयांना एफ-१ व्हिसा साधारणपणे पाच वर्षांचा मिळतो. एमएसची दोन वर्षे, त्यानंतर ओपीटीचे एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी ओपीटीची आणखी दोन वर्षे, अशी बेरीजही पाचच होते. पण व्हिसाची पाच वर्षे शिक्का पडल्या दिवसापासून मोजली जातात आणि शिक्का वर्ग सुरू होण्याच्या काही आठवडे किंवा महिने आधी पडलेला असतो. म्हणजे ओपीटीच्या शेवटच्या टप्प्यात, नोकरीत जम बसत असताना, व्हिसा संपतो. नेमक्या याच काळात घरी लग्ने ठरतात आणि अनेकांच्या शैक्षणिक कर्जाचे हप्तेही चालू झालेले असतात.

ओपीटीवर असताना नवा एफ-१ व्हिसा मागता येतो, पण मुलाखत अवघड जाते. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा आहे, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. शिक्षण तर संपलेले असते आणि हातात अमेरिकेतली नोकरी असते. अधिकाऱ्याला पटले नाही तर २१४(बी) कलमाखाली नकार येतो. त्यामुळे या टप्प्यावर निव्वळ हौसेच्या सहलीसाठी भारतात येणे धोक्याचे आहे. अगदी जवळच्या माणसासाठी येणे वेगळे; तिथे धोका माहीत असूनही मुले येतात.

मुंबईत मुलाखत, आणि त्याआधीची गैरसमजूत

नवा शिक्का अमेरिकेबाहेरच मिळतो. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतच व्हिसा नूतनीकरणाचा एक प्रयोग झाला, पण तो एच-१बी कर्मचाऱ्यांपुरता होता. विद्यार्थ्यांसाठी तशी सोय नाही.

समाजमाध्यमांवर फिरणारे बरेच जुने सल्ले आता कामाचे राहिलेले नाहीत. ‘ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाका, मुलाखत लागत नाही’ हा त्यातला पहिला. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांची ही सवलत जवळपास संपली असून प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. ‘भारतात तारीख मिळत नाही तर बँकॉक किंवा सिंगापूरला जा’ हा दुसरा. त्याच महिन्यात परराष्ट्र विभागाने सांगितले की अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. सुट्टीचे तिकीट काढण्याआधी मुंबई, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता यांपैकी कुठे तारीख आहे ते पाहिले पाहिजे. आधी तिकीट आणि मग तारीख, हा क्रम महागात पडतो.

अर्ज नव्याने भरायचा, १८५ डॉलरचे शुल्कही नव्याने. सेव्हिस क्रमांक तोच असेल तर ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क सहसा पुन्हा भरावे लागत नाही. अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यम खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांनी आपली खाती सार्वजनिक ठेवावीत अशीही सूचना आहे. खाते लपवणे हे त्यावरच्या एखाद्या जुन्या मीमपेक्षा जास्त अडचणीचे ठरू शकते, कारण अर्जातली माहिती खरी असल्याची कबुली सहीनिशी दिलेली असते.

मुलाखत चांगली झाली तरी कधी कधी २२१(जी)ची चिठ्ठी हाती येते. तो अंतिम नकार नसतो, पुढील तपासणीसाठी अर्ज थांबवलेला असतो. ही तपासणी काही दिवसांत संपू शकते किंवा काही महिनेही चालू शकते. तोवर सत्र सुरू झाले तर विद्यापीठाला लगेच कळवून प्रवेश पुढे ढकलता येतो का ते विचारावे. पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ वर्गाबाहेर आणि देशाबाहेर राहिल्यास जुना दर्जा संपू शकतो.

निघण्याआधी

आय-२० वर प्रवासासाठी डीएसओची सही असावी लागते. शिकणाऱ्यांसाठी ती एक वर्ष चालते, ओपीटीवर असणाऱ्यांसाठी सहाच महिने. सही नसेल तर विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो. नाहीतर आय-५१५ए हा कागद देऊन ३० दिवसांत त्रुटी दूर करायला सांगतो. ओपीटीवाल्यांनी रोजगार परवान्याचे कार्ड आणि कंपनीचे पत्र जवळ ठेवावे. नोकरी नसताना भारतात घालवलेले दिवसही बेरोजगारीच्या ९० दिवसांत मोजले जातात, हे अनेकांना परत गेल्यावर कळते. ज्यांचा एच-१बीसाठी दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांनी देश सोडला तर दर्जाबदलाची मागणी सोडून दिली असे धरले जाते.

पासपोर्ट अमेरिकेतच नवा करून घेतला असेल तर जुना फेकू नये. जुन्या पासपोर्टवरचा न संपलेला व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

मधला थांबाही पाहून घ्यावा. लंडनमार्गे जाताना वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. संपलेल्या व्हिसावर ती गृहीत धरता येत नाही आणि विमान कंपनी अमेरिकेतल्या विमानतळावरच अडवू शकते. अबुधाबीमार्गे परतणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

व्हिसा संपलेल्यांसाठी एक छोटी पळवाट आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांहून कमी राहिल्यास चालू आय-२० आणि आय-९४ दाखवून संपलेल्या व्हिसावरही परत येता येते. अट अशी की तिथे असताना नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. कॅनडात शिरायला भारतीयांना कॅनडाचा व्हिसा लागतोच. मेक्सिको वैध अमेरिकी व्हिसावर भारतीयांना आत घेतो. तो संपलेला असेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो.

परत पोहोचल्यावर दोन-चार दिवसांत सीबीपीच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्यावे आणि नाव, पासपोर्ट क्रमांक, ‘एफ-१’ व मुक्कामाची नोंद तपासावी. घाईत विद्यार्थ्याची नोंद पर्यटक म्हणून झाल्याचे प्रकार घडतात. अशी चूक दिसली तर डीएसओला कळवून सीबीपीच्या जवळच्या कार्यालयातून ती दुरुस्त करून घेता येते.