लोणावळ्यात बर्फ पडत नाही, तरीही...

एक्स्प्रेसवेच्या 'मिसिंग लिंक'साठी लोणावळ्याजवळ टायगर व्हॅलीवर जो केबल-स्टेड पूल आहे, त्याचे मनोरे 180 मीटरहून उंच आहेत. रस्त्याचं वजन मनोऱ्यांवर नेतात त्या तिरप्या केबल्स. थंड देशांत या केबल्सचा शत्रू म्हणजे बर्फ. मग मावळात आपण सुटलो म्हणायचं का? नाही!

1932 साली डेन हार्टॉग या इंजिनिअरने एक कोडं सोडवलं. थंडीत विजेच्या तारा अचानक मोठमोठे झोके का घेतात? कारण बर्फ एका बाजूला चिकटला की तार गोल राहत नाही, विमानाच्या पंखासारखी होते. मग वारा प्रत्येक झोक्याला तिला आणखी ढकलतो.

शिवाय बर्फ खाली पडतो तो वेगळाच. कॅनडातल्या पोर्ट मान पुलाच्या केबल्स रस्त्यावरून तिरप्या जातात. डिसेंबर 2012 मध्ये त्यांच्यावरून पडलेल्या बर्फाने गाड्यांच्या काचा फोडल्या. उपाय काय केला? केबलभोवती कडी अडकवायची आणि वरून सोडून द्यायची. ती घसरताना बर्फ खरवडत येते. मग दोरांवर लटकून काम करणारी माणसं ती परत वर चढवतात. आपल्या भाषेत, शुद्ध पॅच :)

आता पाऊस. 1980च्या दशकात नागोयाचा मेइको-निशी पूल बांधला जात असताना गंमत झाली. वादळ नव्हतं, तरी पावसात केबल्स जोरात हलू लागल्या. पाऊस थांबला की त्याही थांबत. तिरप्या केबलवरून ओघळणाऱ्या पाण्याची धार वाऱ्याने एका रेषेत धरून ठेवली होती, आणि गोल आकार पुन्हा बिघडला होता. बर्फाचं काम पाण्याच्या एका ओघळाने केलं! अशी थरथर वर्षानुवर्षं चालली तर पोलाद थकतं.

यावरचा उपाय मात्र पॅच नाही, डिझाइन आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी पुलावर (1995) केबलच्या आवरणाला स्क्रूसारखे बारीक उंचवटे दिले. त्यांच्यामुळे धार सलग टिकत नाही. जोडीला केबलच्या बुडाशी डँपर बसवतात.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि दरीतला वारा तर ट्रेकर मंडळींना सांगायलाच नको. म्हणून थंड देशांकडून बर्फ काढायची युक्ती आणायची गरज नाही. आणायचा तो डेन हार्टॉगचा प्रश्न: इथल्या हवेत ही केबल गोल राहते का?