एका अक्षराची गोष्ट

परदेशातले पोलिश म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शिकागो यायचं, पोटासाठी बोटीने गेलेली माणसं. लिथुआनियातले बहुतेक पोलिश मात्र कुठे गेलेच नाहीत, सीमाच सरकली! दोन महायुद्धांच्या मधे विल्नियस पोलंडकडे होतं, १९३९ मध्ये ते लिथुआनियाकडे आलं. मार्शल पिल्सुद्स्कींचा देह क्राकूवला आहे आणि हृदय विल्नियसमध्ये, आईच्या कबरीत. अगदी खरंखुरं हृदय.

महायुद्धानंतर लाखाहून जास्त लोक पोलंडला गेले. जे राहिले ते २०२१ च्या जनगणनेत साडेसहा टक्के भरले.

त्यांचं एक भांडण वर्षानुवर्षं चाललं, तेही एका अक्षरावरून. लिथुआनियन मुळाक्षरांत 'डब्ल्यू' नाही, त्यामुळे पासपोर्टवर 'नोवाक' हे आडनाव 'व्ही'ने लिहायचं. लिथुआनियाची बाजूही कळते मला. रशियन झारने १९०४ पर्यंत चाळीसेक वर्षं त्यांना लॅटिन लिपीत पुस्तकं छापू दिली नव्हती. असे लोक आपल्या अक्षरांना जपणारच ना?

शेवटी २०२२ च्या कायद्याने 'डब्ल्यू' मिळाला. पोलिशची खुणा असलेली अक्षरं मात्र त्यात आली नाहीत.

राहू इथेच, पण नाव आजोबा लिहायचे तसं लिहू द्या. मला हे मागणं मोठं वाटत नाही. आणि क्षुल्लक तर मुळीच नाही.